दोन रकान्यांचं युद्ध

गेल्या वर्षीच्या आपल्या स्मरणिकेत 'भारत आणि चीन : कोण किती पाण्यात?' असा लेख छापून आला होता. लेख म्हणजे प्रस्तावनेचे दोन परिच्छेद आणि त्याखाली पानभर तक्ता. डावीकडे भारत, उजवीकडे चीन. सैनिक, रणगाडे, तोफा, लढाऊ विमानं, पाणबुड्या, विमानवाहू नौका, बजेट. अकरा ओळींपैकी नऊ ओळींत चीन पुढे. आणि शेवटी निष्कर्ष काय, तर आपल्या जवानांचं मनोबल पाहता विजय आपलाच! लेखकमित्र मंडळाचे जुने कार्यकर्ते. त्यांच्या हातची साबुदाण्याची खिचडी मी वीस वर्षं खातो आहे, त्यामुळे त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांच्या तक्त्याशी मात्र आहे, आणि निष्कर्षाशी तर फारच. त्यानंतरच्या प्रत्येक पॉटलकला, प्रत्येक सत्यनारायणाला हा तक्ता कुणाच्या ना कुणाच्या फोनवरून बाहेर निघतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण इंजिनिअर आणि डॉक्टर मंडळी. आकडे दिसले की आपल्याला वाटतं, आता सत्य हाती लागलं. असे तक्ते बहुतेक 'ग्लोबल फायरपॉवर' नावाच्या यादीवरून उचललेले असतात. तिच्या २०२५ च्या क्रमवारीत चीन तिसरा आणि भारत चौथा. वाचून बरं वाटतं, जणू एकाच धावेने हरलो. पण याच यादीत २०२२ साली रशिया दुसरा आणि युक्रेन बाविसावा होता. त्या वर्षी फेब्रुवारीत रशियाचा लष्करी ताफा कीव्हच्या वाटेवर मैलोगणती लांब रांग लावून अडकून पडला आणि एप्रिलच्या सुरुवातीला कीव्हच्या परिसरातून रशियाला माघार घ्यावी लागली. त्याच एप्रिलमध्ये, ज्या युक्रेनकडे सांगण्यासारखं आरमार नव्हतं, त्या युक्रेनने 'मोस्क्वा' ही काळ्या समुद्रातल्या रशियन आरमाराची मुख्य युद्धनौका बुडवली. १९९० साली सद्दामचं सैन्य जगात चौथ्या क्रमांकाचं म्हणून वर्तमानपत्रं सांगत होती. पुढच्या फेब्रुवारीत जमिनीवरची लढाई शंभर तासांत आटोपली. आपल्यापैकी अनेकांनी ती इथेच सीएनएनवर पाहिली आहे.

तेव्हा आधी रणगाड्यांची ओळ घेऊ. तक्त्यात भारताकडे चार हजारांच्या वर आणि चीनकडे साडेसहा हजारांच्या वर रणगाडे आहेत. असतील. पण हे दोन देश पंजाबच्या मैदानात समोरासमोर उभे नाहीत. त्यांच्यामध्ये हिमालय आहे. भारताच्या हिशेबाने ३,४८८ किलोमीटरची प्रत्यक्ष नियंत्रण रेषा, आणि तिचा मोठा भाग अशा उंचीवर की नवा माणूस आठवडाभर नीट चालूही शकत नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात चुशूलच्या बचावासाठी एएमएक्स-१३ जातीचे मोजके हलके रणगाडे एएन-१२ विमानांतून नेऊन उतरवावे लागले होते. २०२० मध्ये गलवाननंतर हवाई दलाने ६८,००० हून अधिक जवान आणि सुमारे ९० रणगाडे लडाखमध्ये पोहोचवले. ही कामगिरी मोठीच आहे. पण चार हजार कुठे आणि विमानाने गेलेले नव्वद कुठे! रणगाडा राजस्थानात उभा असेल तर तो तक्त्यात मोजला जातो, चुशूलमध्ये मोजला जात नाही. खरा प्रश्न असा, की कुठल्या आठवड्यात, कुठल्या रस्त्याने, किती वर चढतील आणि चढल्यावर डिझेल किती दिवस पुरेल. त्याचा रकाना नाही.

रस्त्यांचं तर विचारूच नका. चीनने ल्हासापर्यंत रेल्वे २००६ साली नेली. २०१४ मध्ये ती शिगात्सेला पोहोचली आणि २०२१ मध्ये ल्हासाहून न्यिंगचीला, म्हणजे अरुणाचलच्या अगदी डोक्यावर. आपण काय करत होतो? २०१३ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत उघडपणे सांगितलं, की सीमाभाग अविकसित ठेवणं हाच उत्तम बचाव, असं स्वतंत्र भारताचं अनेक वर्षं धोरण होतं. म्हणजे शत्रूला रस्ता मिळू नये म्हणून आपण स्वतःलाच रस्ता दिला नाही. घराला चोर येईल म्हणून जिनाच न बांधण्यातला प्रकार! आता चित्र बदललं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. रोहतांगखालचा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, तवांगच्या वाटेवरचा सेला बोगदा २०२४ च्या मार्चमध्ये, सोनमर्गचा २०२५ च्या जानेवारीत. दौलत बेग ओल्डीला जाणारा २५५ किलोमीटरचा रस्ता झाला. गलवानचा तंटा पेटायला जी कारणं झाली, त्यांत या रस्त्याचंही नाव घेतलं जातं, यावरूनच त्याची किंमत कळावी. पण या बोगद्यांपैकी एकही आपल्या तक्त्यात नव्हता, आणि मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांत भारताच्या बाजूने जे वजन वाढलं त्यात पहिला मान यांचा आहे.

विमानांची ओळ आणखी गमतीची. तिथे चीन दुप्पट-तिप्पट पुढे दिसतो. पण तिबेटमधले त्याचे विमानतळ बघा. ल्हासाचा साडेतीन हजार मीटरवर, न्गारीचा सव्वाचार हजारांच्या वर. एवढ्या उंचीवर हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, धावपट्टी लांब लागते आणि विमानाला एकतर इंधन कमी घ्यावं लागतं नाहीतर बॉम्ब. आपली विमानं तेजपूर, हाशिमारा, अंबाला अशा सखल भागातून पूर्ण भार घेऊन उडतात. इथे आपले उत्साही मित्र टाळ्या वाजवतील, म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगतो. चीनने गेल्या काही वर्षांत तिथे धावपट्ट्या वाढवल्या, विमानांसाठी पक्के निवारे बांधले, आणि त्याच्याकडे धावपट्ट्या उखडणारी क्षेपणास्त्रं भरपूर आहेत. विमान उडण्याआधीच त्याची धावपट्टी गेली तर सखल भागाचा फायदा कुठे राहिला? आपल्या हवाई दलाला मंजुरी ४२ स्क्वाड्रन्सची. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा उरल्या २९. ही काळजीची गोष्ट आहे, आणि ती 'मनोबल' या शब्दाने भरून निघणारी नाही.

याच ओळीतली एक गोष्ट तर आपल्या अंगणातली आहे. नॉर्थ स्टेशनवरून उत्तरेला जाणारी लोकल लिन शहराजवळ आली की खिडकीतून जनरल इलेक्ट्रिकचा जुना कारखाना दिसतो. अमेरिकेचं पहिलं जेट इंजिन दुसऱ्या महायुद्धात इथेच तयार झालं. आपलं 'तेजस' ज्या एफ-४०४ इंजिनावर उडतं, तेही इथलंच. तेजसने पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी केलं. त्याच्यासाठी स्वदेशी 'कावेरी' इंजिनाचं काम १९८९ पासून चाललं होतं, पण ते तेजसला काही लाभलं नाही. २०२१ मध्ये भारताने ८३ नव्या तेजसची मागणी नोंदवली आणि ९९ इंजिनं जीईकडे मागितली. त्यातलं पहिलं इंजिन २०२५ च्या मार्चअखेर निघालं. विमानं २०२४ पासून मिळायची होती, ती वेळ केव्हाच टळली. म्हणजे तक्त्यातला भारताचा विमानांचा आकडा बंगळूरमध्ये जितका ठरतो तितकाच तो लिनमध्ये, आपल्या मंडळाच्या हॉलपासून तासाभराच्या अंतरावर ठरतो. चीनचीही इंजिनांत अनेक वर्षं दमछाक झाली. त्यांचं जे-२० सुद्धा आधी रशियन इंजिनावर उडालं. पण त्यांनी चिकाटीने पैसा आणि माणसं ओतली आणि आता ते स्वतःचं इंजिन बसवतात. कुणाला चीनचा राग असेल तर असू दे, पण हेवा कशाचा करायचा तर तो या गोष्टीचा. विमानांच्या आकड्याचा करून काय उपयोग?

बजेटच्या ओळीतही अशीच गंमत आहे. चीनचं २०२५ चं जाहीर संरक्षण बजेट १.७८ लाख कोटी युआन, म्हणजे २४० अब्ज डॉलरच्या वर. जाणकारांच्या मते खरा खर्च याहून बराच जास्त. भारताचं २०२५-२६ चं ६.८१ लाख कोटी रुपये. साधारण तिप्पट फरक. पण आपल्या आकड्यात १.६ लाख कोटी हे निवृत्तिवेतनाचे आहेत. ते दिलेच पाहिजेत, ज्यांनी उमेदीची वर्षं सियाचीनला काढली त्यांचा तो हक्क आहे. पण त्यातून तोफ येत नाही, आणि तक्ता मात्र तो पैसा तोफेच्याच खात्यात धरतो.

आता मनोबल. इथे मात्र मला राग येतो, तो लपवत नाही. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला इथे १३ कुमाऊंची चार्ली कंपनी होती. मेजर शैतान सिंग आणि सुमारे १२० जवान. त्यांच्या मागच्या तोफखान्याच्या आड डोंगर येत होता, म्हणून तोफांचा आधार मिळणं शक्य नव्हतं. ते शेवटच्या गोळीपर्यंत लढले. ११० च्या आसपास जवान तिथेच पडले. पुढच्या वर्षी बर्फ वितळायला लागल्यावर त्यांचे देह सापडले, गोठलेले, अनेकांच्या हातांत अजून हत्यार होतं. या माणसांना मनोबलाची कमतरता होती, असं कुणी म्हणेल का? कमी होत्या त्या तोफा, गोळ्या आणि थंडीचे कपडे. त्याच महिन्यात तिकडे पूर्वेला, तवांगच्या मागे, आपली फळी कोलमडली आणि लढाऊ विमानं दिल्लीने वापरलीच नाहीत. 'मनोबल पाहता विजय आपलाच' हे वाक्य लिहायला सोपं आहे. दिवाणखान्यात बसून कुणाच्या तरी मुलाच्या शौर्याच्या भरवशावर आपण स्वतःला दिलासा देतो. रेझांग लाच्या जवानांना तोफा न देणाऱ्यांचीही समजूत बहुधा अशीच काहीतरी असावी.

त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, हे मराठी माणसाला सांगायला नको. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो. पण तिथे जाऊन त्यांनी काय केलं हे किती जणांना ठाऊक आहे? त्यांच्या कारकिर्दीत १९६४ पासूनची पाच वर्षांची संरक्षण योजना झाली : सव्वाआठ लाखांचं सैन्य, ४५ स्क्वाड्रन्सचं हवाई दल, डोंगरात लढणाऱ्या खास डिव्हिजन्स. साठीच्या दशकात महाराष्ट्रात वरणगाव, भंडारा, भद्रावती, अंबाझरी इथे दारूगोळ्याचे नवे कारखाने उभे राहिले. आणि पाच वर्षांनी, १९६७ च्या सप्टेंबरात, नथू लाला चिनी सैन्याशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा आपल्या तोफखान्याने त्यांना चांगलंच भाजून काढलं. माणसं तीच, मनोबल तेच. या वेळी तोफा योग्य उंचीवर होत्या.

माझे थोरले मामा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. पासष्टच्या लढाईत, गणपतीच्या दिवसांत, ते घरी फक्त झोपायला येत. मामी डबा घेऊन गेटपर्यंत जायची. मी नऊ वर्षांचा. मामांना विचारलं, आपण जिंकणार ना? मामा म्हणाले, "माझ्या शिफ्टचा माल वेळेवर गेला तर माझं काम झालं. पुढचं पुढचे बघतील." मला तेव्हा ते उत्तर फारच मिळमिळीत वाटलं होतं.

पण त्या लढाईतलीच एक हकीकत बघा. शेवटच्या दिवसांत पंतप्रधान शास्त्रीजींनी लष्करप्रमुख जनरल चौधरींना विचारलं, की लढाई आणखी काही दिवस चालवली तर मोठा विजय मिळेल का? उत्तर आलं, की आघाडीचा दारूगोळा बहुतेक संपला आहे आणि रणगाडेही बरेच गेले आहेत. युद्धबंदी झाली. नंतर हिशेब झाला तेव्हा कळलं, की आघाडीचा दारूगोळा एक पंचमांशही संपला नव्हता आणि भारताकडचे रणगाडे पाकिस्तानच्या जवळपास दुप्पट होते. स्वतःच्या कोठारात काय आहे हे जिथे सेनापतीला ऐन वेळी नीट कळलं नाही, तिथे परक्या देशाच्या कोठारातले आकडे आपण इथे न्यू इंग्लंडमध्ये बसून शेवटच्या अंकापर्यंत सांगतो!

आणि कोठाराचं आजवर कुणी विचारलं आहे? २०१७ साली संसदेत आलेल्या कॅगच्या अहवालाप्रमाणे, आदल्या सप्टेंबरात १५२ पैकी ६१ प्रकारचा दारूगोळा दहा दिवसही पुरला नसता. अपेक्षा चाळीस दिवसांची. त्यानंतर तातडीची खरेदी झाली, परिस्थिती सुधारली. पण या बातमीने आपल्या एकाही पॉटलकची चव बिघडली नाही. २०१६ च्या मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या डेपोला आग लागून पंधराहून अधिक माणसं गेली. २०२५ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार गेले. ही माणसं दोन रकान्यांपैकी कुठल्या रकान्यात येतात?

शिवाय रकाने दोनच का? २०२५ च्या मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी भारत लढला पाकिस्तानशी, पण पलीकडची जे-१०सी विमानं आणि पीएल-१५ क्षेपणास्त्रं चीनची होती. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत पाकिस्तानने बाहेरून घेतलेल्या शस्त्रांपैकी ८१ टक्के चीनकडून आली. आपले लोक भारत-पाकिस्तानचा तक्ता वाचून छाती फुगवतात, भारत-चीनचा वाचून उसासा टाकतात, आणि ही दोन्ही पानं एकाच वहीची आहेत हे विसरतात. अण्वस्त्रांची ओळ तर सोयीस्करपणे गाळलेली असते. त्या यादीतही ती धरत नाहीत. चीनकडे सुमारे ६००, भारताकडे सुमारे १८०. आणि या आकड्यांत सहाशे हे एकशे ऐंशीपेक्षा मोठे नाहीत, कारण मुंबई किंवा शांघाय पुसायला किती लागतील, एवढाच तो हिशेब. दोन्ही देशांनी 'आधी आम्ही वापरणार नाही' असं जाहीर केलं आहे. म्हणूनच गलवानमध्ये २०२० च्या जूनमध्ये वीस भारतीय जवान गेले ते खिळे ठोकलेल्या दांडक्यांनी आणि दगडांनी. एकही गोळी झाडली गेली नाही. दोन अण्वस्त्रधारी देश, एकविसावं शतक, आणि हत्यार म्हणजे दांडकं! तुमच्या अकरा ओळींत दांडकं कुठे होतं?

मला लेखकमित्र विचारतील, मग तुमचं मत काय, भारत दुबळा की बलवान? माझं मत असं आहे, की डोंगरात बचाव करायला भारत पुरेसा समर्थ आहे आणि चीनला ते ठाऊक आहे. समुद्रावर मलाक्काच्या वाटेने चीनचं तेल जातं आणि अंदमान-निकोबार त्या वाटेच्या तोंडाशी आहे, तेव्हा चीनकडे 'फुजियान' धरून तीन विमानवाहू नौका असल्या आणि आपल्याकडे दोन, तरी हिंदी महासागरात आपण घरच्या अंगणात आहोत. पण कारखान्यात, इंजिनात, संशोधनात अंतर मोठं आहे आणि ते वाढतं आहे. ते एका लढाईत दिसत नाही, वीस वर्षांनी दिसतं. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही आणि रडण्यासारखंही नाही. काम करण्यासारखं पुष्कळ आहे.

हे सगळं एवढ्या तावातावाने लिहायचं आणखी एक कारण. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. हा तक्ता छापून आल्यावर एक मुलगा, इथेच जन्मलेला, सातवीतला, मला म्हणाला, "काका, सो हू वुड विन?" त्याच्या आवाजात सुपर बोलच्या आदल्या दिवशीचा उत्साह होता. त्याच्या दृष्टीने भारत म्हणजे एक टीम, जर्सीचा रंग निळा. त्याचा दोष काय? घरात तो जे ऐकतो तेच विचारतो. त्याला मी नकाशावर चुशूल दाखवलं, मग रेझांग ला, आणि एवढ्या उंचीवर पाण्याचा जेरीकॅन कोण नेतं ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "मग त्यांना पाणी कोण देतं, युद्धात?" अकरा ओळींच्या तक्त्यापेक्षा हा प्रश्न मला कितीतरी जास्त लष्करी वाटला.

लेखकमित्रांनी माझ्या या लेखाला जरूर उत्तर द्यावं. संपादक मंडळाने पुढच्या अंकात त्यांना जागाही द्यावी, माझ्यापेक्षा एक पान जास्तच. तक्ता पुन्हा छापायचाच असेल तर माझी हरकत नाही. फक्त त्यात काही ओळी वाढवाव्यात : दारूगोळा किती दिवसांचा, बारमाही रस्ते किती किलोमीटर, इंजिनं कुणाच्या कारखान्यातली, आणि पाणी वर कसं पोहोचतं. या ओळी भरायला ते बसले, तर मी खिचडी घेऊन त्यांच्याकडे येईन. या खेपेला माझ्या हातची.